ऑपरेशन नीट झालं, तरी गुडघा दुखतोच. मग दुसऱ्या गुडघ्याचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचं वय ६३. सव्वा वर्षापूर्वी डाव्या गुडघ्याची वाटी बदलली. टाके छान भरले, एक्स-रे उत्तम आहे, सर्जन म्हणतात काहीच अडचण नाही. पण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सतत आग होते, रात्री चादर घासली तरी सहन होत नाही, झोप तुटक लागते. दोन ठिकाणी ‘मनाचं आहे’ असं ऐकायला मिळालं. आता उजव्या गुडघ्याची तारीख दोन महिन्यांवर आली आहे. तोही असाच दुखत राहील का, आणि ते आधी कळू शकतं का? शिवाय मावशीच्या काखेत स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर अजून चमका येतात, तेव्हा हे घराण्यातच आहे का?

ताई, मुद्द्याचं आधी सांगते. आईंचं दुखणं खरं आहे. उजव्या गुडघ्याला धोका किती, याचा बराचसा अंदाज ऑपरेशनच्या आधी बांधता येतो. मात्र त्यासाठी उजव्या गुडघ्याचा एक्स-रे पाहून भागत नाही. आईंना सविस्तर विचारावं लागतं आणि डावा गुडघा हात लावून तपासावा लागतो. डाव्याचं निदान झाल्याशिवाय उजव्याची तारीख पक्की करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, हे खाली मांडते. मी मूळची भूलतज्ज्ञ, आणि आता बरीच वर्षं न थांबणाऱ्या दुखण्याचे रुग्ण बघते. त्यामुळे ऑपरेशन टेबलावरची बाजूही माहीत आहे आणि वर्षभराने ‘सगळं नॉर्मल आहे’ असे रिपोर्ट घेऊन येणाऱ्यांचीही.

जखम भरली की दुखणं गेलंच पाहिजे, ही समजूत डॉक्टरांमध्येही फार काळ होती. १९९८ मध्ये स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधल्या दहा पेन क्लिनिकमधल्या ५,१३० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात जुनाट दुखण्यामागे ऑपरेशन हे कारण, किंवा कारणांपैकी एक, असलेले रुग्ण निघाले २२.५ टक्के. म्हणजे पाचात एकाहून जास्त. तेव्हा कुठे वैद्यकाने या गोष्टीकडे वळून पाहिलं. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, ऑपरेशननंतरच्या दीर्घकालीन वेदनेला स्वतःचं वेगळं नाव आहे. ऑपरेशननंतर सुरू झालेलं किंवा वाढलेलं आणि जखम भरायचा काळ उलटल्यावरही, निदान तीन महिने, टिकलेलं दुखणं. जंतुसंसर्ग, कॅन्सर परतणं, आधीचाच आजार अशी दुसरी कारणं तपासून बाजूला काढलेली. ज्या आजाराला जगभर नाव आहे त्याला ‘मनाचं आहे’ म्हणून परत पाठवणं मला पटत नाही, आणि तुम्हीही ते ऐकून घेऊ नका.

किती जणांना होतं? ऑपरेशन कुठलं यावर ते अवलंबून आहे. २००६ मध्ये केहलेट, येन्सन आणि वुल्फ या तिघा संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जे आकडे एकत्र केले ते अजूनही आमच्या बोलण्यात येतात: छाती उघडून केलेल्या ऑपरेशननंतर ३० ते ४० टक्के, स्तनाच्या ऑपरेशननंतर २० ते ३०, हर्निया आणि सिझेरियननंतर साधारण १०. यातलं फार तीव्र दुखणं बरंच कमी जणांना असतं. हर्नियात दोन ते चार टक्के. गुडघेबदलाबद्दल २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा निरनिराळ्या अभ्यासांत १० ते ३४ टक्के रुग्णांना पुढेही त्रासदायक दुखणं राहिलेलं दिसलं. खुब्याच्या सांध्यात ते प्रमाण कमी, ७ ते २३ टक्के. म्हणजे आई काही हजारात एक नाहीत. गुडघेबदलाचं ऑपरेशन बहुसंख्यांना चालतं-फिरतं करतं यात शंका नाही, पण सही घेताना हा दुसरा आकडाही रुग्णाच्या कानावर पडायला हवा.

आता डाव्या गुडघ्याकडे येऊ.

पहिला प्रश्न मी विचारते तो असा, की हे दुखणं पहिल्या दिवसापासून आहे, की मधे काही महिने बरं वाटून नंतर सुरू झालं? मधे बरं होतं असेल तर माझं लक्ष आधी सांध्याकडे जातं: जंतुसंसर्ग, बसवलेला भाग सैल होणं. ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या आणि शंका असेल तर सांध्यातलं पाणी काढून तपासणं हे सर्जननी करायचं काम आहे, आणि ते आधी व्हायला हवं. पाय टाकताना गुडघा लचकतो का, जिना उतरताना दगा देतो का, हेही बघायचं. सांध्याचे भाग किंचित फिरलेले असतील तर ते साध्या एक्स-रेत दिसतीलच असं नाही, त्याला सीटी स्कॅन लागतो. आणि एक नेहमी निसटणारी गोष्ट: खुब्याचं आणि कमरेच्या मणक्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. खुबा फिरवून बघायला मिनिटही लागत नाही.

पण तुम्ही जे लिहिलंय, आग, चादर न सोसणं, तेही बाहेरच्या बाजूला, त्यावरून मला एका छोट्या नसेची शंका येते. गुडघ्याच्या आतल्या बाजूने एक नस येते, वाटीच्या खालून आडवी बाहेरच्या बाजूला जाते आणि तिथल्या कातडीला संवेदना देते. गुडघ्याच्या ऑपरेशनचा चिरा असतो उभा, मधोमध. त्यामुळे या नसेच्या फांद्या तुटणं जवळजवळ अटळ असतं. त्यात सर्जनची चूक नाही. बहुतेकांना चिऱ्याच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढा भाग बधिर लागतो, हळूहळू लहान होतो, आणि ते विसरूनही जातात. थोड्यांच्या बाबतीत मात्र नसेच्या तुटलेल्या टोकाची गाठ होते, किंवा ते टोक व्रणात अडकतं आणि विनाकारण निरोप पाठवत राहतं.

तपासायला महागडं मशीन लागत नाही. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे. कापसाचा बोळा आधी चांगल्या पायावर फिरवायचा, मग दुखऱ्यावर, बाहेरून चिऱ्याकडे येत. कुठे बधिर, कुठे हुळहुळतं, कुठे आग, ते पेनाने कातडीवरच आखायचं. मग थंड चमचा किंवा चिमट्याची धातूची बाजू टेकवायची. काहींना साधा थंडपणा चटक्यासारखा लागतो. शेवटी चिऱ्याच्या आतल्या बाजूने बोटाने हलक्या टिचक्या मारत जायचं. ती जागा सापडली की रुग्ण दचकतो आणि म्हणतो, ‘हां, इथे! करंट गेला बाहेर.’ त्या जागी, सांध्याच्या आत नव्हे तर कातडीखाली, आणि जंतुसंसर्ग नाही याची खात्री झाल्यावरच, बधिर करणाऱ्या औषधाचं छोटं इंजेक्शन दिलं आणि काही तास आग पूर्ण थांबली, तर निदान हातात आलं. काही जणांना अशा दोन-तीन इंजेक्शनांनी टिकाऊ आराम पडतो. इतरांना कातडी बधिर करणारी लिडोकेनची पट्टी, रात्रीची नसांची गोळी, किंवा त्या नसेवर रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे रेडिओलहरींनी नस शांत करणं, असे पुढचे उपाय असतात. नसेच्या दुखण्यावर कॉम्बिफ्लाम किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या फारसं काम करत नाहीत. आई त्या रोज घेत असतील तर पोट आणि किडनी यांना फुकटचा भार पडतोय.

मी याची जागा नुसतं वाचून ठरवू शकत नाही. त्यामुळे तपासणी कराच. पण दुखण्याला पत्ता मिळाला की घरात आणि दवाखान्यात दोन्हीकडे बोलण्याचा सूर बदलतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आता उजव्या गुडघ्याचा अंदाज कशावरून बांधायचा, त्या धोक्याच्या गोष्टी. सगळ्यांत वजनदार गोष्ट म्हणजे ऑपरेशनच्या आधीचं दुखणं. ते किती तीव्र होतं, किती वर्षं होतं, आणि त्या जागेखेरीज आणखी कुठे दुखत होतं का. कंबर, मान, खांदे, टाचा, डोकं असं ठिकठिकाणी दुखणाऱ्या माणसाला एका सांध्याच्या ऑपरेशननंतरही दुखणं राहण्याची शक्यता स्पष्टपणे जास्त असते. याचं कारण मज्जारज्जूत आहे. वर ज्यांचं नाव आलं त्या क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्रयोगातून दाखवलं की इजेनंतर फक्त जखमच हळवी होत नाही, मज्जारज्जूतल्या पेशीही हळव्या होतात आणि साध्या स्पर्शालाही वेदना म्हणून पुढे पाठवायला लागतात. गावात एकदा चोरी झाली की मग नुसत्या पाचोळ्याच्या आवाजालाही कुत्री भुंकतात, तसं. वर्षानुवर्षं गुडघा दुखत असेल तर ऑपरेशनच्या दिवशी ही सगळी यंत्रणा आधीच जागी असते. आपण सांधा बदलतो, मज्जारज्जू तोच राहतो.

याचीच दुसरी बाजू अशी, की एक्स-रेमध्ये झीज थोडी आणि दुखणं मात्र प्रचंड, अशा रुग्णांना गुडघेबदलाचा फायदा कमी होतो. हे ऐकायला उलटं वाटेल. पण झीज थोडी असूनही एवढं दुखतंय, याचाच अर्थ दुखण्याचा मोठा वाटा सांध्याबाहेरून येतोय. अशा वेळी ‘लवकर करून टाकू, नंतर वय होईल’ हा सल्ला मी मानत नाही. आईंच्या उजव्या गुडघ्यात हाडाला हाड घासतंय की मधे फट अजून शिल्लक आहे, हे सर्जनना सरळ विचारा.

आईंच्या बाबतीत इथेच एक महत्त्वाची गोष्ट आहे. उजव्या गुडघ्याच्या दृष्टीने डावा गुडघा हेच ‘दुसरीकडचं जुनाट दुखणं’ आहे. पहिल्या ऑपरेशननंतर दुखणं राहिलं, ही पुढच्या वेळची धोक्याची खूण तर आहेच, आणि ते दुखणं आजही चालू आहे, ही दुसरी खूण. पहिलीवर आता इलाज नाही, दुसरीवर आहे. शिवाय उजव्याच्या ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे सगळा भार डाव्यावर येणार. तोच आगीत असेल तर व्यायाम होणार कसा? म्हणून डाव्याचं निदान आणि उपचार आधी, असं वर म्हणाले.

मनाच्या बाजूबद्दल जपून बोलायला हवं, कारण इथेच रुग्णांवर अन्याय होतो. चिंता, उदासी, तुटलेली झोप यांच्यामुळे धोका वाढतो, हे खरं आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मायकल सलिव्हन यांनी १९९५ मध्ये तेरा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन गोष्टी मोजल्या जातात: दुखण्याचा विचार डोक्यातून जातच नाही, काहीतरी भयंकर होणार असं वाटत राहतं, आणि आपल्या हातात काहीच नाही असं वाटतं. यात गुण जास्त असतील तर गुडघेबदलानंतर दुखणं टिकण्याची शक्यता वाढते. पण याचा अर्थ दुखणं खोटं आहे किंवा माणूस कमकुवत आहे, असा अजिबात नाही. वेदना खाली ढकलण्याची मेंदूची स्वतःची यंत्रणा असते. भीती आणि जागरण तिलाच पांगळं करतात. सव्वा वर्ष दुखणं सोसून, वर ‘मनाचं आहे’ ऐकून, कुणाला भीती वाटणार नाही? ती भीती हा धोक्याचा एक धागा आहे आणि बोलून, झोप सुधारून, गरज पडली तर औषधाने तो सैल करता येतो.

ऑपरेशनच्या आधी काही महिने ट्रॅमाडॉल किंवा टॅपेंटाडॉलसारख्या, मॉर्फिनच्या जातीच्या गोळ्या रोज घेत असणं, हीही धोक्याची खूण आहे. शरीराला त्यांची सवय झाली की ऑपरेशननंतर नेहमीच्या डोसने भागत नाही, आणि दीर्घकाळ घेतलेल्या अशा गोळ्या काही वेळा वेदनेची जाणीव उलट तीव्र करतात. आई असं काही घेत असतील तर एकदम बंद करू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करा, आणि भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. मेडिकलमधून आणलेली, शेजारणीने सुचवलेली, सगळी पाकिटं एका पिशवीत घालून घेऊन जा.

वय आणि लिंग यांबद्दल थोडक्यात: बऱ्याच ऑपरेशनांत तरुणांना आणि स्त्रियांना धोका जास्त दिसतो. त्यात बदलण्यासारखं काही नाही, म्हणून तिथे रेंगाळत नाही.

ऑपरेशन टेबलावर काय होतं यालाही महत्त्व आहे, आणि इथे तुमच्या मावशीचा विषय येतो. २००९ मध्ये डेन्मार्कमधल्या देशव्यापी पाहणीत स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या ३,२५३ स्त्रियांनी उत्तरं पाठवली. ऑपरेशनला दोन ते तीन वर्षं झालेली असताना ४७ टक्के स्त्रियांना दुखणं होतं, आणि त्यांतल्या १३ टक्क्यांना तीव्र. कुणाला जास्त? चाळिशीच्या आतल्यांना, काखेतल्या गाठी सगळ्या काढल्या होत्या त्यांना, आणि ज्यांना रेडिएशन मिळालं होतं त्यांना. काखेतून एक नस दंडाच्या आतल्या बाजूला जाते. गाठी काढताना ती ताणली जाते किंवा तुटते. मावशींच्या चमका काख आणि दंडाच्या आतल्या बाजूलाच असतील तर त्याचं कारण बहुधा हेच आहे, आणि त्यावरही उपचार आहेत. मात्र दुखणं नव्याने वाढलं असेल किंवा हाताला सूज येत असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना आधी दाखवा. हर्नियातही जांघेतल्या तीन नसांचा असाच प्रश्न येतो. दुर्बिणीतून केलेल्या हर्नियात हे दुखणं कमी आढळतं. त्याच जागी पुन्हा ऑपरेशन, लांबलेलं ऑपरेशन, यांनीही धोका वाढतो.

म्हणजे तुमच्या आई आणि मावशी या बहिणी असल्या तरी दोघींची ऑपरेशनं वेगळी, नसा वेगळ्या आणि धोकेही वेगळे. वेदनेच्या संवेदनशीलतेत आनुवंशिकतेचा वाटा आहे, हे खरं. काही जनुकांवर संशोधनही झालंय, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. कुणी ‘जीन टेस्ट करून धोका सांगतो’ म्हणालं तर पैसे खर्च करू नका. तेवढ्या पैशांत महिनाभराची चांगली फिजिओथेरपी होते.

आता जो भाग मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा वाटतो, तो: ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस. युरोपातल्या अनेक रुग्णालयांच्या २०१५ च्या एका अभ्यासात, पहिल्या चोवीस तासांतला किती वेळ रुग्ण तीव्र वेदनेत होता, हे मोजलं होतं. तो वाटा दर दहा टक्क्यांनी वाढला की वर्षभरानंतरच्या दीर्घकालीन दुखण्याचं प्रमाण तीस टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. तीव्र वेदना हेच कारण, की ती फक्त जास्त धोका असलेल्या माणसाची खूण, यावर वाद चालू आहे. माझ्या मते रुग्णासाठी तो वाद महत्त्वाचा नाही. दोन्ही अर्थांनी ती वेदना तिथल्या तिथे दिसायला हवी आणि आवरायला हवी.

आणि ती दिसत नाही. वॉर्डात काय होतं बघा. सकाळच्या राउंडला आजी पाठीवर स्वस्थ पडलेल्या असतात. ‘काय आजी, दुखतंय का?’ आजी म्हणतात, ‘नाही हो डॉक्टर, बरं आहे. सहन होतंय.’ कागदावर वेदना शून्य. अर्ध्या तासाने फिजिओ येतात, गुडघा वाकवायला घेतात, आणि आजी पलंगाची कड घट्ट धरून डोळे मिटतात, घामाने कपाळ भिजतं. त्याची नोंद कुठेच होत नाही. आमच्याकडच्या बायकांना डॉक्टरांपुढे ‘दुखतं’ म्हणायचा संकोच असतो. बाळंतपणापासून सोसायचं शिकवलेलं असतं, आणि तक्रार केली तर डॉक्टरांना वाईट वाटेल असंही वाटतं. म्हणून प्रश्न वेगळा विचारायला हवा: ‘गुडघा वाकवताना, बाथरूमला उठताना, दहापैकी किती?’ आईंच्या जवळ जो कुणी थांबेल त्याने हे स्वतः विचारावं, वहीत वेळ घालून लिहावं आणि सिस्टरना दाखवावं. हालचालीच्या वेळी चारच्या वर असेल तर औषध वाढवायला सांगा. त्यात भीड नको.

भूलतज्ज्ञांची भेट ऑपरेशनच्या आदल्या रात्री घाईत होण्यापेक्षा आठ-दहा दिवस आधी मागून घ्या. त्यांना डाव्या गुडघ्याची सगळी हकीगत सांगा, त्या वेळी पहिले दोन दिवस कसे गेले तेही. विचारा, की मणक्यातल्या भुलेच्या इंजेक्शनचा परिणाम उतरल्यावर काय? मांडीतल्या नसेचा ब्लॉक, म्हणजे ती नस बधिर करणारं इंजेक्शन, देणार का, सर्जन सांध्याभोवती औषध सोडणार का, पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी चालू राहणार की मागितल्यावरच? दोन-तीन प्रकारची औषधं थोड्या थोड्या प्रमाणात एकत्र वापरली की दुखणंही आवरतं आणि गुंगीही कमी येते. ब्लॉकबद्दल खरं ते सांगते: छाती आणि स्तनाच्या ऑपरेशनांत अशा स्थानिक भुलेमुळे पुढचं दीर्घकालीन दुखणं कमी होतं, याला बरा पुरावा आहे. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात या दोन्हींमध्ये दर सात रुग्णांमागे एकाला तो फायदा दिसला. गुडघ्यात पहिले दिवस नक्की सुसह्य होतात, वर्षानंतरच्या दुखण्याबद्दल तितका भक्कम पुरावा नाही. माझ्यासाठी पहिले दिवस सुसह्य होणं, हेही पुरेसं कारण आहे.

‘नसांची गोळी आधीपासूनच सुरू करू, म्हणजे पुढे त्रास नको’ असं म्हणून प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन सरसकट देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. दीर्घकालीन दुखणं टाळायला त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि साठीच्या पुढे चक्कर, गुंगी, पडणं हे धोके खरे आहेत. मॉर्फिनच्या जातीच्या औषधांबरोबर दिल्या तर श्वास मंदावू शकतो. डाव्या गुडघ्याच्या आगीवर उपचार म्हणून त्या दिल्या तर गोष्ट वेगळी, तिथे कारण आहे.

उरलेल्या दोन महिन्यांत काय करायचं? गरज पडली तर दोनाचे चार महिने करा, गुडघेबदल हे तातडीचं ऑपरेशन नाही. मात्र वर्षानुवर्षं पुढेही ढकलू नका, कारण लांबलेलं दुखणं हाच एक धोका, हे वर आलंच. डाव्याची तपासणी आणि उपचार पहिल्या आठवड्यांतच सुरू करा. दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे व्यायाम आत्तापासून. पाय सरळ ठेवून मांडी आवळणं आईंना गादीवर पडल्यापडल्याही जमेल. झोपेकडे औषधाइतकंच लक्ष द्या: दुपारची लांब झोप बंद, संध्याकाळनंतर चहा नको, आणि रात्री डाव्या गुडघ्याला चादर लागू नये म्हणून पायाशी एखादी छोटी टोपली उलटी ठेवून तिच्यावरून पांघरूण घ्या. साधी युक्ती आहे, पण चादर न सोसणाऱ्यांना लगेच फरक पडतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात, वजन जमेल तेवढं. आणि आईंना समोर बसवून अपेक्षा बोलून घ्या. नव्या गुडघ्यावर बाजार, जिना, देवदर्शन हे साधण्यासारखं आहे. मांडी घालून पंगतीला बसणं बहुतेकांना जमत नाही. ज्यांना हे आधी कुणी सांगितलेलं नसतं, त्यांची निराशा नंतर दुखण्यात मिसळून जाते.

दोन्ही गुडघे एकाच वेळी करून घेतले नाहीत म्हणून काहीजण तुम्हाला बोल लावतील. लावू द्या. पहिल्या गुडघ्याने काय शिकवलं, हे हातात असताना दुसऱ्याचा निर्णय घ्यायला मिळतोय, हे आईंच्या फायद्याचंच आहे.

उजव्याचं ऑपरेशन झालं तर पहिल्या तीन महिन्यांनी एक भेट आत्ताच ठरवून ठेवा, ‘दुखलं तर येऊ’ असं नको. गुडघेबदलानंतरचं बहुतेक दुखणं पहिल्या तीन ते सहा महिन्यांत उतरतं. तीन महिन्यांना जे उतरणीला लागलेलं नसतं, त्याकडे तेव्हाच बघायचं असतं. ब्रिटनमध्ये ‘स्टार’ नावाच्या अभ्यासात नेमकं हेच करून पाहिलं: तीन महिन्यांना दुखत असलेल्या रुग्णांची नीट तपासणी, कारणानुसार पुढची दिशा, आणि मग फोनवरून पाठपुरावा. २०२२ च्या निकालात वर्षअखेर त्यांचं दुखणं नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णांपेक्षा कमी होतं. फरक माफक, पण खरा. टोरांटोच्या जनरल हॉस्पिटलमध्ये २०१४ पासून यासाठी वेगळी सेवाच आहे, धोका असलेला रुग्ण ऑपरेशनच्या आधीपासून घरी गेल्यानंतरपर्यंत एकाच चमूच्या नजरेखाली राहतो. आपल्याकडे अशी सोय क्वचित आहे. म्हणून सर्जन, भूलतज्ज्ञ आणि फिजिओ यांना एकमेकांचे फोन नंबर तुम्हीच द्या, आणि आईंची ती वही तिघांनाही दाखवा.

तीन महिन्यांची वाट कधी बघायची नाही, तेही लिहून ठेवा. आग, करंट, स्पर्श न सोसणं, हे पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच दिसलं तर लगेच सांगा, नसेवरचे उपचार तेव्हा सुरू करता येतात. पाऊल सुजून लालसर-निळसर पडलं, गरम किंवा गार लागायला लागलं, घाम वेगळा येऊ लागला आणि दुखणं ऑपरेशनच्या मानाने फारच जास्त वाटलं, तर त्याच आठवड्यात दाखवा. आणि ताप, जखमेतून पाणी, पोटरीला एकाएकी सूज आणि कळ, किंवा दम लागणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा.